पिशवीतले कागद

सोलापुरात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलांच्या आया एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन येतात. पिशवी बहुतेक नवी पेठेतल्या कुठल्यातरी कापड दुकानातली, एक बंद तुटलेला, गाठ मारलेली. मुलाचं आजवरचं सगळं दुखणं तिच्यात असतं. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, बाळाला पेटीत ठेवलं होतं तेव्हाची बिलं, एमआरआयच्या मावत नाहीत म्हणून मधोमध घडी घातलेल्या फिल्मा, मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या ईईजीचा रिपोर्ट, सोलापूर, पुणे, मिरज, हैदराबाद अशा चार गावांच्या चिठ्ठ्या. मी ते कागद सतरंजीवर तारखेप्रमाणे मांडते आणि मगच बाळाला हात लावते. मांडताना नेमका हवा तोच कागद हमखास सापडत नाही. "तो डॉक्टरांनी ठेवून घेतला," नाहीतर "पावसात भिजला, मॅडम." मग आई आठवून सांगते आणि मी लिहून घेते.

काही वर्षांपूर्वी विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक आई सात महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. तक्रार एवढीच, की बाळ मान धरत नाही. पोर अंगानं भरलेलं होतं, पण त्याची नजर कुठे ठरत नव्हती. मी खुळखुळा वाजवला, अगदी तोंडाजवळ जाऊन बोलले, तरी हसलं नाही. "आधी हसायचा," ती म्हणाली. "चौथ्या महिन्यात मला बघून पाय मारायचा. आता बघतच नाही." मग निघता निघता म्हणाली, "झोपेतून उठला की दचकतो तेवढा. गॅसनं." आणि मोबाईल पुढे केला.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. बाळ पाठीवर पडलेलं, वर पंख्याची घरघर, मागे कुणीतरी तेलुगूत विड्या मोजतंय. बाळाची मान झटकन पुढे येते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात, गुडघे पोटाशी जातात आणि लगेच सगळं अंग सैल पडतं. चार-पाच सेकंद शांत. पुन्हा तसंच. चाळीस सेकंदांत सहा वेळा. शेवटी बाळ रडायला लागतं आणि आईचा हात पडद्यावर येतो.

तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि अडीच महिने गॅसचे थेंब चालू होते. व्हिडिओ आहे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दचकण्याचं काय दाखवायचं म्हणून तीही बोलली नव्हती. मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण एवढं ओळखण्याइतकी मुलं हाताखालून गेली आहेत. तिला त्याच दिवशी पुढे पाठवलं. पुण्यात ईईजी झाला, निदान झालं: इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांना ओळीनं झटके देणारी आकडी. औषध सुरू झाल्यावर आकड्या थांबल्या. मधले महिने मात्र गेले ते गेलेच. तो मुलगा आता बसतो, धरून उभा राहतो. बोलत नाही.

ही आकडी बहुतेक तिसऱ्या महिन्यापासून वर्षाच्या आत सुरू होते. मेंदूतल्या विजेच्या लहरी इतक्या विस्कटतात, की बाळ आधी शिकलेलं विसरू लागतं. उपाय आहेत. एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं आहेत, व्हिगाबॅट्रिन हे आकडीचं औषध आहे, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड आहे. यातलं शेवटचं तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं स्वस्त औषध, पण इथे ते मोठ्या मात्रेत आणि तज्ज्ञाच्या नजरेखालीच द्यावं लागतं. सगळ्यांना एकच अट लागू आहे: लवकर. जितके आठवडे वाया जातात, तितकी मुलाच्या पुढच्या आयुष्याची आशा कमी होत जाते.

या आजाराचं पहिलं वर्णन १८४१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका पत्राच्या रूपात छापून आलं. लिहिणारे विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधले एक डॉक्टर, आणि वर्णन होतं त्यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाचं. मान गुडघ्यांकडे झुकते, लगेच सैल पडते, काही सेकंदांनी पुन्हा झुकते, असं ओळीनं दहा-वीस वेळा. बाकीच्या डॉक्टरांचं लक्ष जावं म्हणून त्यांनी ते लिहिलं. आजही आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. एका बापानं मुलाकडे नीट पाहिलं, पाहिलेलं लिहिलं आणि ते चार जाणकारांपुढे ठेवलं. उपचार आणि संशोधन हे दोन वेगळे धंदे नाहीत हे मला या पत्रावरून जितकं पटतं तितकं दुसऱ्या कशावरून पटत नाही. विडी घरकुलातल्या त्या आईनंही नेमकं तेच केलं होतं. तिनं पाहिलं आणि टिपून ठेवलं. पुढे ते घेणारं कुणी नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात १९६३ पासून आहे. त्याच्या रुग्णालयाला आजही सगळे सिव्हिलच म्हणतात. आपल्या अकरा तालुक्यांखेरीज धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडची माणसंही तिथे येतात. तिथे मुलांच्या मेंदूविकारांचा पूर्ण विभाग उभा राहावा, आणि त्याला उपचाराइतकंच संशोधनाचंही काम पहिल्या दिवसापासून दिलेलं असावं. पहिल्या अर्ध्याला कुणाचा विरोध नसतो. दुसऱ्या अर्ध्यावर मात्र भल्या भल्या माणसांचं म्हणणं पडतं, की आधी डॉक्टर तर येऊ दे, संशोधन पुण्या-मुंबईचं काम. हेच मला पटत नाही.

जन्मताच न रडलेल्या बाळाचं उदाहरण घ्या. अशा बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असतो. श्रीमंत देशांत दिसून आलं, की या बाळाचं अंग जन्मल्यावर काही तासांत थंड करून तीन दिवस साडेतेहतीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, तर मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी होतात. तिथे तो नेहमीचा उपचार झाला आणि आपल्याकडेही सुरू झाला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांनी त्याची ४०८ बाळांवर रीतसर चाचणी घेतली. मुंबईचं शीव रुग्णालय त्यांत होतं. 'हेलिक्स' नावाच्या या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी ३१ टक्के. उपचार तोच, बाळंही वरून तशीच, आणि फळ उलटं. का, यावर अजून चर्चा चालू आहे. आपल्याकडे इजा कधी सुरू होते, आईचं पोषण, जंतुसंसर्ग, अशी अनेक कारणं बोलली जातात. परक्या आकड्यांवर विसंबून आपण चांगल्या मनानंच बाळांना थंड करत राहिलो असतो. धोका लक्षात आला, कारण आपल्या वॉर्डांत कुणीतरी मोजलं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण ती फिल्म मी पिशव्यांमधून अजूनही काढते. शाळकरी मुलाला अचानक आकडी येते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एकच छोटा ठिपका दिसतो, कडेनं चमकणारा. एके काळी भारतात असा ठिपका दिसला की क्षयाची गाठ समजून मुलाला महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. १९८९ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की हे ठिपके बहुतांशी पट्टकृमीच्या अळीचे असतात. पुष्कळदा ते आपोआप विरूनही जातात. हा शोध भारतीय रुग्णांवर, भारतीय वॉर्डात, आपल्याच डॉक्टरांनी लावला, आणि त्यामुळे किती मुलांची विनाकारण औषधं वाचली असतील. आजही एखाद्या लिंगायत घरातल्या आजीला मी हे समजावते तेव्हा ती दुखावते. "आमच्यात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि डुकराचा किडा म्हणता?" मग सांगावं लागतं, की अळी मेंदूत जायला मांस खायची गरजच नसते. कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, मातीत, कोथिंबिरीच्या जुडीत येतात आणि तिथून कुणाच्याही पोटात जातात. नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकते तिथे शाकाहार आड येत नाही.

आता सोलापूरचे प्रश्न घेऊ. ते वेल्लोर सोडवणार नाही आणि शीवही नाही.

पहिला प्रश्न साखरेचा. जन्मानंतरच्या दोन-तीन दिवसांत बाळाच्या रक्तातली साखर फार खाली गेली, तर मेंदूच्या मागच्या भागाला इजा होते. बाळ दिसायला ठीक असतं, घरी जातं, आणि सहा महिन्यांनी त्याला तीच दचकणारी आकडी सुरू होते. नजरही अधू झालेली असते. भारतातल्या अभ्यासांत या आकडीच्या कारणांमध्ये जन्माच्या आसपासची इजा वरच्या क्रमांकावर असते आणि साखर घसरणं हे त्यातलं एक ठळक कारण. माझ्या सतरंजीवर मागच्या भागाची इजा दाखवणारी फिल्म आली की मी आईला विचारते, पहिलं दूध कधी पाजलं? "सिझर होतं ना, दुसऱ्या दिवशी." "दूध नव्हतं आलं, मध चाटवला." बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब आणि काही रुपयांची पट्टी, एवढ्यावर हे टळू शकतं. पण कुठल्या तालुक्यातून अशी बाळं जास्त येतात, घरून येतात की दवाखान्यातून, सिझरनंतर की साध्या बाळंतपणानंतर, हे कुणी एका वहीत लिहिल्याशिवाय तो थेंब कुठे काढायला लावायचा ते कळणार कसं? पाच वर्षं नीट लिहिलेली अशी एक वही मला एखाद्या नव्या यंत्रापेक्षा मोलाची वाटते.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि इथे सोलापूरसारखं गाव शोधून सापडणार नाही. आकडीचं निदान मुळात ऐकून होतं. ईईजी पुष्कळदा नॉर्मल येतो, मुलाला डॉक्टरांसमोर आकडी आलेली नसते, मग उरतं ते घरच्यांनी केलेलं वर्णन. आपल्या ओपीडीत ते मराठीत येतं, कन्नडमध्ये येतं, तेलुगूत येतं, दखनी उर्दूत येतं. मराठीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं. कन्नडमधलं मूर्छे आणि तेलुगूमधलं मूर्छ हे शब्द आकडीच्या आजारालाही वापरतात. पूर्वभागातली, म्हणजे गावातल्या तेलुगू वस्तीतली, आजी "मूर्छ आली" म्हणते आणि कागदावर "चक्कर येऊन पडला" असं उतरतं. दोन्ही आजारांच्या वाटा पूर्ण वेगळ्या. मुलांची बुद्धी आणि विकास मोजण्याच्या चाचण्यांचंही तेच आहे. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला मराठीतले शब्द विचारून 'मंद' ठरवणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. आशा ताईंना आणि निवासी डॉक्टरांना वापरता येईल अशी प्रश्नावली चारही भाषांत तयार करून तपासून पाहणं हे पहिल्या दर्जाचं संशोधन ठरेल, आणि ते करायला सोलापूरपेक्षा योग्य जागा मला तरी माहीत नाही.

२०१८ साली देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची जवळपास चार हजार मुलं तपासून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण आठातल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण निघाली: आकडी, ऐकू कमी येणं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचाली बिघडणं), स्वमग्नता, वाचता न येणं. त्या पाच जागांत उत्तर गोवा होता आणि हैदराबाद होतं. आपण बरोबर मध्ये आहोत, आणि दोन्हीकडचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, यंत्रमाग, विड्या, पाण्यातलं फ्लोराइड, दुष्काळी तालुक्यांतलं पोषण, या सगळ्याचा हिशोब इथेच मांडावा लागेल.

पुणे जवळ आहे, असं मला वारंवार ऐकवलं जातं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. एकदा ऑपरेशन करायचं असेल तर हे खरं आहे, जरूर जावं. पण आकडीचं औषध बहुधा आकडी थांबल्यावरही दोनेक वर्षं चालवतात. सेरेब्रल पाल्सीचं मूल वाढेल तसं त्याचं दुखणं रूप बदलतं. हे एक-दोन खेपांत संपणारं काम नाही. ईईजीचंच बघा. मुलाचं डोकं आदल्या दिवशी धुवायचं, तेल लावायचं नाही, रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे उठवायचं, म्हणजे तपासणीच्या वेळी ते झोपेल. अक्कलकोटहून निघालेलं मूल एसटीतच आईच्या मांडीवर गाढ झोपतं आणि टेबलावर टक्क जागं असतं. पुण्यापर्यंत तर त्याच्या दोन झोपा होतात. मग झोपेचं औषध पाजा, वाट बघा, गाडी चुकते, एक मुक्काम वाढतो. दोन रोजगार बुडतात. तिसऱ्या खेपेनंतर आई जात नाही, जुन्याच चिठ्ठीवर औषध आणत राहते. मूल तेवढ्यात तीन किलोनं वाढलेलं असतं आणि मात्रा तीच असते. "औषध लागू पडत नाही" असं मग घरातच ठरतं आणि अंगारा सुरू होतो.

मुलीचं असेल तर आणखी एक गोष्ट होते. मुद्दाम लांबचा डॉक्टर शोधतात, म्हणजे गल्लीत कळायला नको. हिंदू विवाह कायद्यातून 'अपस्मार' हा शब्द १९९९ सालीच काढला गेला, आकडीच्या कारणावरून लग्न रद्द करता येत नाही, हे मी कितीदा सांगितलं असेल. आया ऐकून घेतात आणि कागद पिशवीच्या तळाशी ठेवतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो हलक्यानं घेत नाही. गरिबांच्या मुलांवर प्रयोग होतील, अशी भीती. आपल्या देशात औषधचाचण्यांच्या नावाखाली वाईट गोष्टी घडल्या आहेत, तेव्हा भीती अनाठायी नाही. पण तिचं उत्तर पद्धतीत आहे. २००९ पासून औषधचाचणीची जाहीर नोंद सरकारी नोंदवहीत आधी करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आई-वडिलांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. आईला वाचता येत नसेल, तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं. या नियमांना धार असायला हवी, नैतिक समितीत विडी कामगारांची एखादी बाई बसायला हवी, असं मी म्हणेन. आणि वर मी जे मागितलं आहे त्यातलं बहुतेक काम नवीन औषध देण्याचं नाहीच. मुलाला जे आपण असंही देतो ते नीट लिहिणं, त्याचं काय झालं ते वर्षानं विचारणं, आणि शंभर मुलांचं एकत्र वाचणं. ते न लिहिता, न मोजता केलेला उपचारसुद्धा त्या मुलावरचा प्रयोगच असतो, फक्त त्यातून पुढच्या मुलासाठी कुणी काही शिकत नाही.

पैशाचं मी थोडक्यात सांगते. यंत्र आणणं सोपं, कारण यंत्राचं उद्‌घाटन होतं. ईईजी तंत्रज्ञाचं पद भरलेलं नसेल तर यंत्रावर चादर पडते. म्हणून यादी माणसांची हवी. डीएम ही एमडीनंतरची पदवी घेतलेला एक बालमेंदूविकारतज्ज्ञ, दोन तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, आणि फोन करणारी एक परिचारिका. "औषध संपलं का, आकडी आली का, वजन किती?" एवढंच विचारणारी, कन्नड आणि तेलुगू येणारी. ऊसतोडीला गेलेल्या टोळीतलं मूल कोणत्या कारखान्यावर आहे हे तिला माहीत असलं, तर औषध तिथपर्यंत जाऊ शकतं.

बाकी पुष्कळसं आपल्याकडे आहेच. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. पण ज्या आकडीत आठवडे मोजायचे, तिला वर्षातून दोनदा पुरत नाही. त्यासाठी आशा ताई आहेत. तान्ह्या बाळाच्या घरी त्यांच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात. हे वेळापत्रक त्या आकडीच्या वयाशी जुळतं. प्रत्येक आशा ताईच्या फोनमध्ये एकच छोटा व्हिडिओ टाका आणि विचारायला एकच प्रश्न द्या, "बाळ उठल्यावर असं ओळीनं दचकतं का?" मग दर वर्षी पाहा, निदानाला लागणारे आठवडे कमी झाले का. शिवाय महाविद्यालयात बालरोगाचं एमडी करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावाच लागतो. दर वर्षी सुटा विषय घेऊन कपाटात जाणाऱ्या थिसिसऐवजी प्रत्येकानं आधीच्याच्या मुलांचा पाठपुरावा पुढे न्यायचा असं ठरवलं, तर दहा वर्षांत सोलापूरकडे या मुलांची अशी नोंद असेल, की पुण्याचे लोक ती वाचायला इकडे येतील.

त्या मुलाची आई अजून आठवड्यातून दोनदा येते. मागच्या महिन्यात तिचा फोन बिघडला. नवा घेतला तेव्हा दुकानातल्या पोराकडून तिनं आधी तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ नव्या फोनमध्ये घालून घेतला. मी म्हटलं, "कशाला ठेवलाय अजून?" तर म्हणाली, "आमच्या ओळीत अजून एक बाळ झालंय, मॅडम. परवा त्याच्या आईला दाखवला. असं काही झालं तर सांग म्हटलं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "हा कुठं द्यायचा असतो का?"